सोळा पायऱ्यांचा हिशेब

तुमच्या घरात जिना आहे का हो? असला तर आज एक काम करा. दुपारची झाकपाक झाली की शिवणाची टेप घ्या आणि प्रत्येक पायरीची उंची मोजून कागदावर लिहा. अगदी तळापासून वरपर्यंत, एकही न सोडता. "हे काय नवीन खूळ?" असं घरची मंडळी म्हणतील. म्हणू द्यात. मला हे खूळ दोन वर्षांपूर्वी कुणी सुचवलं असतं, तर आमच्या सासूबाईंचं मनगट शाबूत राहिलं असतं.

आम्ही शिळफाट्याला राहतो. शिळफाटा म्हटलं की मुंबईकडच्या बायका लगेच मुंब्रा-डोंबिवलीकडचा समजतात. तो नव्हे. आमचा शिळफाटा खोपोलीचा, जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावरचा, बोरघाटाच्या पायथ्याशी. इथला पाऊस असा, की घाटावर साठवलेल्या त्याच्या पाण्यावर खोपोलीचं वीजघर १९१५ सालापासून चालत आलं आहे. त्या पावसाचा नि आमच्या जिन्याचा संबंध पुढे येईलच.

घर सासऱ्यांनी बांधलेलं. सिमेंट परमिटवर मिळायचं त्या काळातलं. सिमेंटवरचं सरकारी नियंत्रण १९८२ साली अंशतः आणि १९८९ साली पूर्णपणे उठलं; त्याआधी एकेका गोणीसाठी हेलपाटे घालावे लागत, हे सासूबाई आजही रंगवून सांगतात. त्यामुळे भिंती मजबूत, पण जिना मात्र साधा, करड्या सिमेंटचा. इतक्या वर्षांत मधोमध खोलगट झालेला, कडा तुटलेल्या. धाकट्या भावोजींचं लग्न ठरलं तेव्हा मी हट्टच धरला, की पाहुणे यायच्या आत जिना लाल करायचा. माझ्या माहेरी लाल कोबा होता. उन्हाळ्यात त्यावर पालथं पडून अभ्यास करायचा, पोटाला असा गार लागायचा! शिवाय हे काही परकं खूळ नव्हे. रंगीत सिमेंटच्या लाद्या करणाऱ्या 'भारत फ्लोअरिंग्ज'चा पहिला कारखाना १९२२ साली आपल्याच जिल्ह्यात, उरणला निघाला होता. घरच्या घरी रेड ऑक्साइड घालून केलेला कोबा ही त्याची गरीब बहीण म्हणा ना.

लग्नाची घाई. माडीवर सामान, खाली आचारी, जिना बंद कसा ठेवणार? तेव्हा घरातल्या पुरुषमंडळींनी तोड काढली, की एकाआड एक पायरी करायची. आज पहिली, तिसरी, पाचवी. दोन दिवसांनी दुसरी, चौथी, सहावी. तोवर मधल्या पायऱ्यांवरून ये-जा. मिस्त्रींनी मान डोलावली. दर घमेल्यात मूठभर रंग टाकत, पाणी अंदाजानं ओतत काम झालं. पहिल्या दिवशी घरात पडलेली जुनी गोण वापरली, दुसऱ्या खेपेला दुकानातून नवीन आणली.

मैत्रिणींनो, काय झालं असेल ते तुम्ही ओळखलंच असेल. एक पायरी विटकरी, एक गुलाबट राखी, परत एक विटकरी. जिना कसला, पट्ट्यापट्ट्यांचं जाजम! "वाळलं की सारखं होतं, बाई," मिस्त्री म्हणाले. (मी शाळेत शिकवते म्हणून गावात सगळे मला बाईच म्हणतात.) वाळलं, आणि फरक आणखीच उठून दिसू लागला. लग्नाला आलेल्या पोरांना मात्र फुकटचा खेळ मिळाला. लाल पायरीवर पाय ठेवला की आऊट.

मी त्या रंगासाठी महिनाभर हळहळत होते. आज त्याची लाज वाटते, कारण खरा दोष रंगात नव्हताच. मार्चमध्ये सासूबाई गच्चीवरून पापडांचं ताट घेऊन उतरल्या. शेवटच्या पायरीवर त्यांचा पाय अधांतरी गेला, आणि त्या पडल्या. उजवं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. ज्या बाईनं उभ्या जन्मात कुणाकडून पाणी मागितलं नाही, तिला वेणी घालून घ्यायला माझ्यापुढे बसावं लागलं. सगळ्यांनी काय म्हणावं? "वय झालं." "चष्म्याचा नंबर बदलला असेल." "ताट घेऊन उतरायचंच कशाला?" मीही त्यात होते. त्या नुसत्या एवढंच म्हणत, "अगं, जिनाच खोटा वाटला पायाला." आम्ही ते हसण्यावारी नेलं.

मग जून उजाडला. पाचवीच्या वर्गाला मी घरातल्या वस्तू मोजून आणायला सांगितल्या. आमची धाकटीही त्याच वर्गात. तिनं जिना मोजला. वहीत लिहिलं होतं : पहिली पायरी साडेवीस सेंटिमीटर, मधल्या सगळ्या अठरा, शेवटची साडेपंधरा. मी लाल शाईनं खाली लिहिलं, "नीट मोजून आण." ती रडकुंडीला आली. "आई, मी तीनदा मोजलंय!" तेव्हा मी स्वतः टेप घेऊन जिन्यावर बसले. पोरीचं बरोबर होतं. त्या वहीत तांबड्या शाईतली माझी चूक अजून तशीच आहे.

आता हे नीट समजून घ्या, कारण पुष्कळ घरांत असंच होतं. आम्ही प्रत्येक पायरीवर अडीच सेंटिमीटरचा, म्हणजे इंचभर थर चढवला. पण जिन्याच्या तळाशी जी शहाबादी फरशी आहे ती होती तशीच राहिली, आणि माडीवरची जमीनही होती तशीच. मधल्या पायऱ्या सगळ्याच इंचभर वर आल्या, म्हणून एकमेकींत फरक पडला नाही. पहिली पायरी मात्र जमिनीपासून इंचभर उंच झाली आणि सर्वांत वरची तेवढीच बुटकी. जिना उतरताना आपण प्रत्येक पायरी बघत नाही. दोन-तीन पायऱ्यांत पाय अंदाज धरतो आणि पुढे त्याच अंदाजानं पडतो. मधल्या सगळ्या पायऱ्या खऱ्या निघाल्या आणि सोळावी खोटी! सासूबाईंच्या पायाला कळलं ते आमच्या डोळ्यांना कळलं नाही. भारताच्या राष्ट्रीय इमारत संहितेत राहत्या घरासाठी पायरीची उंची जास्तीत जास्त १९ सेंटिमीटर आणि पाय ठेवायची जागा कमीत कमी २५ सेंटिमीटर सांगितली आहे. आमची पहिली पायरी तर या मापातही बसत नव्हती.

दिवाळीनंतर जिना पुन्हा करायचा ठरवला. त्याच मिस्त्रींना बोलावलं. ते जरा दुखावले होते. मी म्हटलं, "घाई आमची होती, तुमची नव्हे. या वेळी मात्र हिशेब माझा, हात तुमचा." यावर ते हसले आणि कामाला लागले.

आधी लाटण्याच्या टोकानं एकेक पायरी वाजवून पाहिली. निम्म्या पायऱ्या पोकळ वाजल्या. म्हणजे नवा थर जुन्याला धरलाच नव्हता. गुळगुळीत, कोरड्या सिमेंटवर नवा माल थापला की असंच होणार. कालच्या पोळीवर आजची कणीक चिकटते का? तेव्हा सगळा थर काढला, जुनी पायरी छिन्नी-हातोडीनं टोचून खडबडीत केली, धूळ झाडून आदल्या रात्री पाणी पाजलं. सकाळी वर पाणी साचलेलं नको, पण पायरी आतून ओली हवी. त्यावर दाट ताकासारखं सिमेंटचं पाणी ब्रशानं फासायचं आणि ते सुकायच्या आत माल टाकायचा. उंचीचा घोळ कसा सोडवला? खालची वाट आणि माडीवरची वाट, दोन्हींवर तेवढाच इंचभर थर चढवला. दोन दारं खालून तासून घ्यावी लागली आणि सुताराचा खर्च वाढला. यांनी जरा कुरकुर केली. मी प्लास्टरच्या दवाखान्याचं बिल पुढे ठेवलं.

आता रंगाबद्दल. रंग सारखा येणं हे घोटणाऱ्या हातापेक्षा मिसळणाऱ्या हातावर जास्त अवलंबून असतं, आणि इथे आपल्यासारख्या गृहिणीचा अनुभव मिस्त्रीहून कमी नाही. दिवाळीच्या अनारशाचं पीठ आपण मुठीनं मोजतो का? आधी सिमेंट बघा. सगळा रंगीत थर एकाच कंपनीच्या, एकाच प्रकारच्या, शक्यतो एकाच गोणीतून झाला पाहिजे. हल्ली पीपीसी म्हणून मिळतं त्यात राख मिसळलेली असते, ओपीसीत ती नसते. दोहोंचा मूळ करडेपणाच वेगळा. आमचे पट्टे पडले त्यातलं अर्धं कारण हेच, जुनी गोण एका जातीची आणि नवी दुसऱ्या. गोणीवर छापलेली तारीखही वाचा, तीन महिन्यांहून शिळी घेऊ नका.

रेड ऑक्साइड वजन करून घालायचं. सिमेंटच्या वजनाच्या शेकडा दहाच्या वर कधीही नाही, नाहीतर थर भुसभुशीत होतो. आम्ही ५० किलोच्या एका गोणीला साडेतीन किलो घेतलं. घरचा वजनकाटा, घरची मैद्याची चाळण. सिमेंट आणि रंग कोरडेच एकत्र करून तीनदा चाळले, चिमूट कागदावर पसरून बोटानं दाबली, लाल रेघ उठेनाशी झाली तेव्हा थांबले. मग सगळा माल जाड प्लॅस्टिकच्या पिशव्यांत घट्ट बांधून ठेवला. आमच्या सोळा पायऱ्या आणि मधला चौक यांना रंगीत थरासाठी ही एक गोण पुरली. पाण्यालाही माप ठेवा. एका घमेल्याला किती तांबे ते पहिल्यांदाच ठरवा आणि पुढे तेवढेच. पाणी जास्त झालं की रंग फिका पडतो, वर धूळ सुटते आणि केसासारख्या भेगा येतात. चाळताना नाकाला फडकं बांधा आणि हातात रबरी मोजे घाला. ओलं सिमेंट कातडी जाळतं. आमच्याकडे घमेली उचलणाऱ्या ताईंचे हात पाहून मला कसंसंच झालं, मोजे दिले तर म्हणाल्या, "सवय हाय." दुपारी मात्र घातले.

खालचा जाड थर एकास तीन, म्हणजे एक वाटा सिमेंट, तीन वाटे चाळलेली वाळू. तो ओलसर असतानाच वर पाच-सहा मिलिमीटरचा रंगीत थर. काम वरून खाली करत यायचं, म्हणजे केलेल्या पायरीवर पाय पडत नाही. प्रत्येक पायरीची आधी उभी बाजू, मग पाय ठेवायची जागा, शेवटी कड. कड टोकदार ठेवू नका, जराशी गोल करून घ्या. टोकदार कडेचे टवके उडतात आणि पडलंच कुणी तर लागतंही जास्त. पाणसळ प्रत्येक पायरीवर आडवी आणि उभी, दोन्हीकडून ठेवायला लावा.

एका दिवसात सोळा पायऱ्या एका मिस्त्रीच्यानं होत नाहीत, आणि दोन मिस्त्री लावले तर दोघांचा हात दोन तऱ्हेचा. मग जोड कुठे घ्यायचा? मधल्या चौकात! वरच्या आठ पायऱ्या एका दिवशी, चौक आणि खालच्या आठ दुसऱ्या दिवशी. चौकात जिना वळतो, त्यामुळे दोन्ही भाग एका नजरेत समोरासमोर येत नाहीत, आणि छटेत उन्नीस-बीस झालंच तरी कळत नाही. एकाआड एक करणं म्हणजे फरक दिसावा म्हणूनच शेजारी शेजारी मांडणं. आम्ही चार दिवस माडी बंद ठेवली, सगळा संसार खाली, अंथरुणं ओळीनं स्वयंपाकघरापर्यंत. मुलांना तर सहलीसारखंच वाटलं.

घोटाई हा सगळ्यात नाजूक भाग. रंगीत थर टाकला की वर पाणी सुटतं आणि चकाकतं. ती चकाकी आपोआप जाईपर्यंत हात लावायचा नाही. इथेच मिस्त्री लोकांचा धीर सुटतो. पाणी टिपायला कोरडं सिमेंट भुरभुरतात, ते पुढे पापुद्र्यासारखं निघतं. किंवा उलट, सुकलं म्हणून वरून पाणी शिंपडत घोटतात, तिथे फिके डाग पडतात. आधी लाकडी रंधा फिरवायचा, मग थोडा वेळ जाऊ द्यायचा, मग लोखंडी थापी. लोखंडी थापी जितकी जास्त आणि जितक्या जोरानं फिरेल तितकी ती जागा काळपट होते. म्हणून प्रत्येक पायरीला फेऱ्याही सारख्याच हव्यात. मी खाली मोड्यावर बसून मोजत होते. "बाई, परीक्षा घेताय का?" मिस्त्रींनी विचारलं. पण आठव्या पायरीनंतर तेच मोठ्यानं मोजू लागले.

आरशासारखी लकाकी मात्र मागू नका. उभ्या बाजू हव्या तेवढ्या घोटून घ्या, त्यावर कुणी पाय ठेवत नाही. आडव्या भागाला शेवटचा हात लाकडी रंध्याचाच हलका फिरवावा. कडेपासून दोन बोटं आत, ओल्या थरावर सुतळी ताणून दाबायची आणि उचलायची. अशा तीन रेघा आखल्या की पायाला पकड मिळते, आणि नक्षीही होते. आमच्याकडे पावसाळ्यात जिना दमट असतो, ओल्या चपला येतात. गुळगुळीत लाल पायरी म्हणजे जूनपासून सप्टेंबरपर्यंत रोजची धाकधूक.

थर दुसऱ्या दिवशी घट्ट झाला की पाणी सुरू. साध्या सिमेंटला निदान सात दिवस, पीपीसीला दहा. जिन्यावर पाणी कोंडता येत नाही, म्हणून लोक गोणपाट टाकतात. रंगीत कामावर छापील गोणपाट टाकू नका, त्याचा रंग उतरतो. प्लॅस्टिकही नको. ते कुठे चिकटतं, कुठे फुगतं आणि खाली ढगाळ डाग उठतात. आम्ही जुन्या सुती साड्या काढल्या, रंग न जाणाऱ्या, धुऊन मऊ झालेल्या. सासूबाईंनी आपली दोन नऊवारी लुगडी स्वतः आणून दिली. एकेक लुगडं आठ पायऱ्यांवर कसं चापून बसलं म्हणून सांगू! सकाळ, दुपार, संध्याकाळ, आणि झोपायच्या आधी एकदा पाणी. एकदा ओलं, एकदा कोरडं असं झालं की पुन्हा डाग, म्हणून ते काम मी कुणावर सोपवलं नाही. शाळेच्या तासांच्या वेळेला सासूबाई तांब्या घेऊन बसत, डाव्या हातानं.

पहिल्या पावसाळ्यात खालच्या दोन पायऱ्यांवर पांढरी बुरशी आल्यासारखं दिसलं. मी हादरलेच. पण ती बुरशी नव्हे. सिमेंटमधला चुना ओलाव्याबरोबर वर येतो आणि हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी मिळून त्याचा पांढरा थर बसतो. कोरडं असताना कडक ब्रशानं झाडायचं, ओल्या फडक्यानं पुसून लगेच कोरडं करायचं. दोन-चार महिन्यांत कमी होत जातं. संडास धुण्याचं ॲसिड मात्र चुकूनही ओतू नका. पांढरेपणा जाईल, आणि त्याबरोबर तुमचा लाल रंगही. खोबरेल तेल किंवा मेण लावून चकाकी आणायची पद्धत आहे, ती खोलीतल्या जमिनीसाठी ठीक. जिन्याला तेल लावणं म्हणजे स्वतःच्या हातानं घसरगुंडी करणं. उभ्या बाजूंना हवं तर हलकं मेण लावा, आणि तेही महिन्याभरानंतर.

ज्यांचा जिना आधीच असा खोटा असेल आणि फोडायची सोय नसेल, त्यांनी निदान पहिल्या आणि शेवटच्या पायरीची कड पिवळ्या रंगाची करून घ्यावी, तिथे दिवा लावावा आणि कठडा शेवटच्या पायरीच्या पुढे वीतभर न्यावा. भाड्याच्या घरातही एवढं करता येतं.

आता आमच्या सोळाही पायऱ्या अठरा सेंटिमीटर आहेत. धाकटीनं पुन्हा मोजून वहीत लिहिलंय. रंग? अगदी एकसारखा आहे असं म्हणणार नाही. चौकाच्या खाली तो एक कणभर गडद आहे, पण मी सांगितल्याशिवाय अजून कुणाला दिसलेला नाही. सासूबाई पुन्हा गच्चीवर जातात, ताट मात्र आता नातवंडांच्या हाती.

एक सांगायचं राहिलं. चाळलेला कोरडा माल चार किलो उरला होता. टवका उडाला तर तोच रंग जुळावा म्हणून मी तो तुपाच्या डब्यात भरून ठेवला. असा डबा जरूर ठेवा, पण प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांत बांधून, आणि पावसाळ्याच्या आत वापरून टाका. माझ्या डब्याचं झाकण सैल होतं. जुलैत उघडायला गेले तर आत लाल दगड! टाकवेना, म्हणून सध्या तो डबा मागच्या दाराला अडसर म्हणून लावते.